मनू, फोनवर राहिलेलं

प्रिय मनू,

फोन तू ठेवलास का नेटवर्क गेलं मला कळलं नाही, मी आपलं नेटवर्क गेलं असं धरून चाललेय. परत लावला नाही कारण तुझं सबमिशन होतं आणि तुमचं ते पोर्टल चालू असेल तेवढ्यातच फाइल चढवायची असते म्हणालेलीस. बाबा म्हणाले व्हॉइस नोट पाठवू नकोस, ती अर्धीच ऐकते, त्यापेक्षा लिही. म्हणून लिहितेय. जेवताना वाचू नको, नाहीतर जेवणार नाहीस.

आधी एक सांगते, मला आनंद झाला नाही असं अजिबात नाहीये. तू म्हणालीस तुमचे सर आता सातमजली प्रोजेक्ट माझ्या नावावर टाकणारेत, आर्किटेक्ट ऑन रेकॉर्ड, म्हणजे कागदोपत्री जबाबदार, मी, आणि मी लगेच विचारलं सही कुणाची, तिथंच बिनसलं ना. पण ऐक, फोन झाल्यावर मी शैलामावशीला सांगितलं, जोशीकाकूंना सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सांगितलं असतं. मी ज्या ऑफिसात काम केलं तिथं शीटच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकोनात ‘ड्रॉन बाय’ पुढं माझी दोन अक्षरं असायची, बारकी, स्टेन्सिलनं काढलेली. खाली आमच्या सरांचं पूर्ण नाव, नंबर, शिक्का, झोकदार सही. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेल्या बाईनं त्या खालच्या रकान्याकडं बघायचंसुद्धा नसतं. तिथं आता तुझं नाव येणार, काउन्सिलच्या नंबरासकट. मी त्या शीटची प्रिंट मागणार आहे, फ्रेम करायला नाही, नुसती बघायला. बरं, फ्रेमपण करीन.

आता सहीचं एकदाच बोलते आणि विषय संपवते.

तुला त्या गॅलरीची गोष्ट अर्धीच माहितीये. दादा तेव्हा पोटात होता. एका बंगल्याची गॅलरी होती, चार फूट बाहेर आलेली, सेक्शन, म्हणजे उभा छेद, मी काढलेलं, आरसीसीवाल्यांनी, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनियरनी, दिलेलं स्टील मीच ट्रेस केलेलं. सळ्या वरच्या बाजूला, आत स्लॅबमध्ये लांबपर्यंत नेलेल्या, बाण काढून लिहिलंसुद्धा होतं की मेन स्टील वर. कागद शंभर टक्के बरोबर होता. साइटवर काय झालं, तर कास्टिंगच्या दिवशी मजूर घमेली घेऊन त्या जाळीवरनंच ये-जा करत होते, खाली खुर्च्या, म्हणजे जाळी उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळ्या, कमी दिलेल्या, जाळी दबत दबत तळाला जाऊन बसली. वरनं काँक्रीट पडल्यावर कुणाला दिसणार? सेंटरिंग काढलं तशी गॅलरी बिजागरीवर फिरल्यासारखी खाली आली. एक पोरगा पाय अडकून खाली सापडला. वाचला, पण पाय काही नीट झाला नाही त्याचा.

दुसऱ्या दिवशी हवालदार ऑफिसात. त्यांनी अमोनिया प्रिंटची गुंडाळी टेबलावर सोडली, बोट नेमकं माझ्या दोन अक्षरांवर ठेवलं आणि म्हणाले, हे कुणी काढलंय? मी म्हटलं, मी. ते माझ्या पोटाकडं बघून गप्प झाले आणि मग सरांकडं वळले. सर दिवसभर चौकीबाहेरच्या बाकावर. ते स्लॅबच्या आधी साइटवर गेलेच नव्हते, सुपरवायझरनं ड्रॉइंगप्रमाणे सगळं झालंय साहेब म्हणून निरोप दिला आणि यांनी चेकिंगचं पत्र सही करून पाठवून दिलं. पुढं प्रकरण मिटलं, कसं मिटलं ते तुझे बाबा चांगलं सांगतात, मला त्यात पडायचं नाही. पण त्यानंतर ते कुठल्याही स्लॅबला स्वतः चढल्याशिवाय पत्र देत नसत, आणि एकदा मलाही घेऊन गेले. साडी खोचून शिडीवर. तोवर मी शेकडो स्लॅब कागदावर काढले असतील, पण ती खुर्ची मी पहिल्यांदा हातानं हलवून बघितली. हलली. सरांनी तिथंच मिस्त्रीला हाक मारली.

तू म्हणशील आता फोटो येतात ग्रुपवर. येतात की. पण फोटो काढणारा कुठं उभा राहायचं ते स्वतः ठरवतो ना. खुर्च्या दाट आहेत त्याच कोपऱ्याचा काढतो. त्यापेक्षा तू हेल्मेट घालून चढ, कव्हर ब्लॉक, म्हणजे सळी काँक्रीटच्या कडेपासून आत ठेवणारे ठोकळे, बघ, कॉलमला ४० मिमीचं, स्लॅबला २० चं, बीमच्या टोकाला रिंगा जवळजवळ आल्यात का बघ, आणि बिल्डर टेकू लवकर काढायला मागेल, स्लॅबचा स्पॅन साडेचार मीटरच्या वर असला की १४ दिवस हलवायचे नाहीत, काही झालं तरी. बघ, झालं सुरू माझं. तुला पाच वर्षं हेच शिकवलं, तू परीक्षा दिल्यास, मी नाही. सॉरी गं. पुढचं वाच.

गणपतीत तू मला तो रेराचा, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याचा, फॉर्म १ समजावून सांगितलास ते डोक्यातनं जात नाहीये. गिऱ्हाइकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काम जसं होईल तसे काढायचे, आणि किती काम झालं ते कोण लिहून देणार तर आर्किटेक्ट. जोतं इतके टक्के, स्लॅब इतके, प्लास्टर इतके. म्हणजे तुझ्या एका आकड्यावर बँकेतनं पैसे सुटणार. त्या आकड्याच्या मागं फ्लॅट घेतलेली माणसं आहेत, आपल्यासारखीच, पीएफ मोडून हप्ता आणि भाडं दोन्ही भरणारी. आणि जोत्याचा दाखला, भोगवट्याचा दाखला, तिथंही तूच. तुझ्या सरांकडं पण नंबर आहे की, मग या प्रोजेक्टला त्यांचाच का नाही? मी वाईट अर्थानं विचारत नाहीये. माणूस चांगला आहे, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तुला लॅपटॉप घेऊन घरनं काम करू दिलं, ते मी विसरले नाही. कदाचित त्यांना खरंच वाटत असेल की पोरगी तयार झाली. झालीच आहेस. पण हे विचार, मनातल्या मनात नको, तोंडानं विचार.

खरी भीती कशाची ते सांगू? तुला येत नाही याची नाहीये. तुला नाही म्हणता येणार नाही याची आहे. मोठ्या कंपनीत एक खातं दुसऱ्या खात्याकडं बोट दाखवतं. तुमचं दोन खोल्यांचं ऑफिस, सर, मॅडम हिशोब बघणार, तू, ती नागपूरची मुलगी, दोन इंटर्न आणि साइटचे काका. सगळं मिळून दोन बिल्डरांवर चाललंय, एकाची फी भोगवट्यापर्यंत अडकलेली. तूच सांगितलंस की या महिन्याचा पगार १२ तारखेला झाला आणि काकांच्या मुलाची फी मॅडमनी आधी दिली. अशा ठिकाणी बिल्डर फोन करून म्हणतो, मॅडम, उद्या सर्टिफिकेट लागेल, बँकेत माणूस बसवलाय. स्लॅब पडायचा असतो अजून, पण शटरिंग झालेलं असतं, दोन दिवसांचाच तर प्रश्न असतो. आणि तू सगळ्यांचे पगार डोळ्यासमोर आणणार. मी तुला ओळखते. चौथीत सुद्धा बाकीच्यांचे प्रोजेक्ट करून द्यायचीस आणि स्वतःचं रात्री अकराला काढून बसायचीस.

म्हणून म्हणते, बघितल्याशिवाय सही करू नको. झालं, एवढंच होतं. खरं तर हे मी फोनवरच म्हणाले होते, तू ऐकलं नाहीस असं मला वाटलं म्हणून परत.

एक कामाची गोष्ट मात्र सांगते, उपदेश नाहीये हा. त्या गॅलरीनंतर सरांनी साइट रजिस्टर सुरू केलं. कार्बन घातलेलं, डुप्लिकेट. साइटवर गेलं की तिथंच उभं राहून लिहायचं, अमुक बीमला रिंगांचं अंतर जास्त, दुरुस्त केल्याशिवाय कास्टिंग करू नये, तारीख, वेळ, खाली सुपरवायझरची सही घ्यायची, वरचा कागद फाडून त्याला द्यायचा. पहिल्या पहिल्यांदा लोक हसायचे. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्या ऑफिसातली सगळी ट्रेसिंगं गेली, माझ्या हातची, रॉट्रिंग पेननं काढलेली, ब्लेडनं खरवडून दुरुस्त केलेली, चिखलात लगदा झाला होता नुसता, मी बघायला गेले होते आणि बघवलं नाही. रजिस्टरं तेवढी माळ्यावर होती म्हणून राहिली. सर म्हणाले, जाऊ दे ट्रेसिंग, बिल्डिंगी उभ्या आहेत, ही रजिस्टरं राहिली ते बरं झालं. तुम्ही आता मेल करता, तर त्याच दिवशी मेल कर. तोंडी सांगितलेलं साइटवर टिकत नाही, मिस्त्री बदलला की संपलं. आणि साइटचे काका बरोबर असतील त्यांचंही नाव टाक त्यात, त्यांनाही बरं वाटतं.

ऑफिसवरनं आठवलं. शाळा सुटली की तू तिथंच यायचीस, प्रिंटिंग मशीनच्या खोलीत अमोनियानं डोळे चुरचुरायचे म्हणून तुला बाहेरच्या टेबलाखाली बसवायचे मी. कॉर्पोरेशनच्या प्रिंटा हातानं रंगवायच्या असायच्या, हद्द जाड काळी, नवीन काम लाल, ड्रेनेज लाल टिंबटिंब, पाडायचं ते पिवळं. तू एकदा पिवळी पेन्सिल घेऊन आख्खा प्लॅन रंगवलास, बेडरूम, संडास, जिना, काही सोडलं नाहीस. सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, मनूनं सगळी बिल्डिंग पाडायला काढली की. प्रिंट रद्दच होती म्हणून वाचले. ऑटोकॅड आल्यावर ते रंगवणं बंद झालं, मी पण शिकले, लाइन, ऑफसेट, ट्रिम, पण अक्षर तसं काही येत नाही त्यात. तुला आर्किटेक्चरला जायचं म्हणालीस तेव्हा बाबा म्हणाले कॉम्प्युटर घे, मी म्हटलं जाऊ दे तिला. आजी तर म्हणाली, घरं बांधायला गवंडी असतात की. कॉलेजच्या ज्युरीच्या, म्हणजे मॉडेल दाखवायच्या परीक्षेच्या, आदल्या रात्री सनबोर्ड कापताना बोट कापून घेतलंस आणि मला तीन वाजता फोन केलास, मॉडेलला रक्त लागलं म्हणून रडत होतीस, बोटाचं काहीच नाही. तो फोन मला अजून आठवतो. तशीच आहेस अजून, मॉडेल आधी, बोट नंतर. म्हणूनच तर सारखं सारखं बोलते मी.

रात्री साइटवरनं स्कूटरनं एकटी येऊ नको, अंधार व्हायच्या आत निघ, किंवा काकांना सोडायला सांग. हे वेगळं आहे, सहीचं नाही.

बाबांची शुगर बरी आहे. दादा रविवारी पुण्यात येतोय, त्याच्याबरोबर भडंग पाठवतेय, मोठा डबा ऑफिसचा, छोटा तुझा, उलटं करू नको. तुझ्या सरांना लसूण चालतो ना?

आणि एक. गणपतीत तू दुपारी आडवी झालीस तेव्हा लॅपटॉप उघडाच होता आणि समोर त्या सातमजलीचं सेक्शन होतं, आता मी काय डोळे मिटून घेऊ? पार्किंगच्या मजल्याला पायऱ्या जास्त म्हणून पहिल्या तीन लॉबीत आल्यात, आणि तिसरी चढल्यावर बरोबर डोक्यावर लॉबीचं बीम येतं. उंची ३००० मिमी धरलीस, बीम ६०० चं, तीन पायऱ्या १६५ च्या म्हणजे ४९५. राहिले १९०५. दादा कसाबसा जाईल, पण खांद्यावर सिलिंडर घेतलेला माणूस काय करणार? २.२ मीटर तरी नकोत का तिथं? एक तर आरसीसीवाल्यांना विचार बीमची खोली कमी होते का, नाहीतर तीनच्या ऐवजी एकच पायरी लॉबीत घे आणि लँडिंग थोडं मागं ढकल, मागं जागा आहे असं मला वाटलं. माझं बघण्यात चुकलं असेल तर तसं सांग. बदललं असशील तर स्क्रीनशॉट पाठव, मी मोबाईलवर मोठं करून बघीन.

तुझी,
आई