चित्रासोबत त्याचं मापही छापा

संपादक महोदय,

चित्रकार पिकासोवर आपल्याकडे काही छापून आलं की सोबत हमखास ‘गेर्निका’ हे त्याचं युद्धावरचं चित्र असतं. त्याचं १९२१ चं ‘आई आणि मूल’ मात्र क्वचितच दिसतं. मला ते फार मोलाचं वाटतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याला मुलगा झाला होता, पाउलो. चित्रात समुद्रकाठी बसलेली धिप्पाड आई आहे. तिच्या अंगावर ग्रीक पुतळ्यासारखा झोळदार पांढरा पोशाख आहे आणि मागे वाळू, पाणी, आकाश यांचे नुसते पट्टे. १९१७ मध्ये त्याने रोम आणि ज्वालामुखीत गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर पॉम्पेई पाहिलं, त्याची छाया इथे स्पष्ट दिसते.

मूळ चित्रात डावीकडे दाढीवाला पुरुष होता, बाळाच्या डोक्यावर मासा धरून. पिकासोने तो भाग कापून टाकला. बाळाचा वर गेलेला हात त्या माशासाठी होता. आता तो आईकडे झेपावतो. कापलेला तुकडा त्याने जपून ठेवला आणि १९६८ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयाला दिला. आई-मुलाचं चित्रही तिथेच आहे.

हे चित्र पावणेपाच फूट उंच आणि साडेपाच फुटांहून रुंद आहे. बोटभर छायाचित्रात त्या आईचा भार कसा कळणार? म्हणून विनंती, कोणतंही चित्र छापताना खाली त्याचं साल, माप आणि संग्रहालय जरूर द्यावं, आणि पानाच्या सोयीसाठी त्याच्या कडा कापू नयेत. चित्रकला शिकणारी मुलंही तुमची पुरवणी कात्रणांसाठी जपून ठेवतात.

– एक वाचक, ठाणे