सूर्य समोर घ्या, कोयता घरी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत झाडांच्या छायाचित्रस्पर्धेची घोषणा वाचली. सोबतच्या सूचनांत 'सूर्य नेहमी पाठीशी ठेवावा' असे एक वाक्य आहे. घरच्या मंडळींचा फोटो काढायला हा सल्ला ठीक. जंगलात मात्र तो पाळला की हमखास गचाळ फोटो मिळतो. जंगलाच्या फोटोंवर काम करणाऱ्या आम्हा काही वाचकांना त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

ऊन आपल्या पाठीमागून आले की समोरचे प्रत्येक पान सारखेच उजळते आणि प्रत्येकाच्या बगलेत एक बारीक सावली बसते. जांभूळ, फणस, आंबा यांची पाने तुकतुकीत. त्यांच्यावर आभाळाचा पांढरा-निळा चट्टा येतो आणि हिरवा रंग मरतो. हजार पाने, हजार चट्टे, हजार सावल्या. नजर टेकायला जागाच उरत नाही. तेच झाड सूर्य पलीकडे ठेवून पाहा. प्रकाश पानातून गाळून येतो, पान आतून पेटल्यासारखे दिसते. खोड आणि फांद्यांतून उजेड जात नसल्याने त्या काळ्या रेघा होतात. म्हणजे निम्मी आवराआवर प्रकाशानेच केलेली असते. जमिनीवरही तेच. सूर्याकडे तोंड केले की झाडांच्या सावल्या आपल्याकडे येतात आणि पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात. त्या सगळ्या सूर्याच्या बरोबर खालच्या एका बिंदूतून निघाल्यासारख्या दिसतात. महाबळेश्वरच्या जांभूळ-अंजनीच्या वेड्यावाकड्या रानातही हा पंखा सापडतो, फक्त जमीन चौकटीत यायला हवी.

वेळेचा हिशेब मुठीने होतो. हात लांब केला की मूठ साधारण दहा अंश भरते. सूर्य क्षितिजापासून एक ते अडीच मुठी वर असताना काम करावे. पुण्याच्या आसपास डिसेंबरात हा काळ सूर्योदयानंतर पाऊण तासाने सुरू होतो आणि सुमारे दोन तासांपर्यंत टिकतो. तेव्हा भर दुपारीही सूर्य ५० अंशांच्या वर जात नाही, म्हणून दिवसभर थोडेफार जमते. मे महिन्यात तो डोक्यावर येतो, तेव्हा सकाळी नऊनंतर कॅमेरा पिशवीत गेलेला बरा. दिशाही बदलते. जूनअखेर सूर्य पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरअखेर तितकाच दक्षिणेला. पूर्वेकडे जाणाऱ्या ज्या पायवाटेवर मार्चमध्ये ऊन थेट समोरून येते, तिथे डिसेंबरात ते उजवीकडून तिरके येणार. 'गेल्या वेळी इथे काय सुंदर दिसत होते' म्हणून त्याच जागी जाणारे इथेच फसतात.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते मागच्या आभाळामुळे. पानांच्या फटींतून दिसणारे आभाळ पांढऱ्या ठिगळांसारखे येते, आणि पान कितीही उजळले तरी ठिगळ त्याच्याहून उजळच असते. यावर सह्याद्रीत एक सोय आहे. सकाळी पूर्वेकडे पाहिले की समोरच्या डोंगराची आपल्याकडची, म्हणजे पश्चिमेची बाजू अजून सावलीत असते. त्या काळसर उतारासमोर येईल असे झाड निवडावे. सूर्य चौकटीच्या वर, बाहेर ठेवावा. रुंद लेन्स इथे कामाची नाही, कारण ती आभाळ ओढून आणते. ७० ते २०० मिलिमीटरची झूम लेन्स १०० ते १३५ च्या आसपास ठेवली की डोंगराचा गडद पट्टा संपूर्ण चौकट भरतो.

आता एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते. सगळे उजळ-अंधार मिसळून मधली करडी छटा यावी, एवढेच लाइट मीटरला कळते. मागे काळा डोंगर असला की मीटर त्याला उजळायला जातो आणि पाने जळतात, म्हणजे तपशील जाऊन पांढरी पडतात. इथे कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात आपण केलेला फेरफार, उणे एक स्टॉप (निम्मा प्रकाश). मागे धुके असले की उलट, मीटर धुक्याला करडे करून टाकतो, तिथे अधिक एक ते दीड. झाडामागून प्रकाश म्हणजे नेहमी अधिक, असे घोकून ठेवणारे पहिल्या प्रकारात गारद होतात. 'रॉ'मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढावे, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८ ते एफ ११, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) कमीत कमी, तिवई आणि दोन सेकंदांचा टायमर. वारा असेल तर शटर एक भागिले २५० सेकंदाच्या खाली आणू नये, भले आयएसओ वाढवावा लागो. तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो नंतर एकत्र जोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पाने हलत असतात, त्यामुळे जोडलेल्या फोटोत प्रत्येक पानाला भूत, म्हणजे पुसट दुहेरी आकार, चिकटते. सावल्या काळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल ठरवणारी सोय) ऑटोवर नको, 'डेलाइट'वर ठेवावा. नाहीतर सकाळच्या उन्हाची पिवळी ऊब कॅमेरा रंगाची चूक समजून पुसून टाकतो.

पळसाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पर्धेकडे निम्मे फोटो त्याचेच येणार. पळसाला पाने तीनच हे खरे, पण फुलोऱ्यात असताना तीही बहुधा गळलेली असतात आणि उरतो तो फांद्यांचा गुंता. झाड अख्खे घेण्याच्या नादात तो गुंताच फोटोचा विषय होऊन बसतो. त्याऐवजी सूर्यासमोर आलेला एकच झुबका धरावा. पाकळ्यांवर बारीक मखमली लव असते, तिच्या कडेने उजेडाची रेघ उमटते. आतली पाकळी नारिंगी पेटते आणि देठाजवळचा जाड, गडद तपकिरी पेला पूर्ण काळा राहतो. काळ्या मुठीत निखारा धरल्यासारखे प्रत्येक फूल दिसते. धोका लाल रंगाचा. एकूण हिस्टोग्राम (डावीकडे काळे, उजवीकडे उजळ असा छटांचा आलेख) शहाण्यासारखा मध्ये दिसत असतो आणि लाल वाहिनी, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, मात्र उजव्या भिंतीला धडकून फुटलेली असते. मग पाकळीच्या शिरा जातात, सपाट भगवा डाग उरतो. म्हणून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावून पाहावा आणि लाल भिंतीपासून सुटेपर्यंत एक्स्पोजर कमी करत जावे.

सूर्य चौकटीत घ्यायचाच असेल तर खोडाच्या कडेला अर्धा लपवावा. आपल्या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ वर चढतो, त्यामुळे उभ्या खोडामागे तो काही मिनिटे टिकतो. आडव्या फांदीमागून मात्र बघता बघता निसटतो, कारण स्वतःच्या रुंदीएवढे अंतर तो दोन मिनिटांत कापतो. एफ १६ ला किरणांचा तारा येतो. ॲपर्चरच्या पात्यांची संख्या सम असेल तर तेवढेच किरण, विषम असेल तर दुप्पट. सात पाती म्हणजे चौदा किरण. एफ २२ पर्यंत जाऊ नये, सगळा फोटो मऊ पडतो. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवावा. त्याच्या आणि लेन्सच्या काचांमध्ये प्रकाश आपटत राहतो आणि फोटोत हिरवे-जांभळे ठिपके उमटतात. बोटाचा एक ठसा पुरेसा असतो अख्खी चौकट दुधाळ करायला. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहायच्या काचेच्या झरोक्यातून) लांब लेन्सने सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळा जातो.

आता व्यवस्थेचा प्रश्न. सूर्य आपल्या पाठीशी असतो तेव्हा दोन खोडे एकमेकांवर आली तरी सालीवरून ती वेगळी कळतात. सूर्य पलीकडे असला की दोन्ही काळी, आणि दोन काळ्या आकारांचा मिळून एक ढेपाळलेला गोळा होतो. म्हणून इथे खोडांपेक्षा खोडांमधल्या मोकळ्या जागा मोजायच्या. फूटभर बाजूला सरकणे किती मोठे असते, हे पाहा. ३० सेंटिमीटर सरकलो तर पाच मीटरवरचे खोड तीन अंशांहून जास्त हलते, तीस मीटरवरचे जेमतेम अर्धा अंश. १०० मिलिमीटर लेन्सच्या आडव्या चौकटीत, फुलफ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, हा फरक रुंदीच्या सातव्या हिश्शाएवढा भरतो. चिकटलेली खोडे तेवढ्याने सुटतात. तिवई आधी रोवू नये. कॅमेरा हातात धरून डावे-उजवे, वर-खाली करावे, प्रत्येक मुख्य खोडाच्या दोन्ही बाजूंनी उजेडाची फट दिसली की मगच तिवईचे पाय उघडावेत. डोळे किलकिले केले की तपशील जातो आणि फक्त काळे-पांढरे तुकडे उरतात. कॅमेऱ्याचा पडदा कृष्णधवल करूनही हेच साधते, 'रॉ' फाइलमध्ये रंग राहतातच. शेवटी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवावी. कोपऱ्यातून घुसलेली एक उजळ काडी मधल्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते.

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात: काच पुसा, रुंद लेन्सऐवजी दोन किंवा तीन पटीची लेन्स वापरा, उजळ पानावर बोट दाबून ठेवून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि उजेड खाली ओढा. ऑटो एचडीआर (वेगवेगळी एक्स्पोजर आपोआप जोडणारी सोय) बंद करता आला तर करा. तो सावल्या उजळून पुन्हा तोच गचाळपणा परत आणतो.

हे सगळे लिहायला बसण्याचे खरे कारण वेगळे आहे. मध्ये येणारी फांदी मोडायची, कारवीचे झुडूप कोयत्याने साफ करायचे, खोडावरचे बाशिंग नेचे उपटून 'स्वच्छ' करायचे, ही सवय वाढते आहे. त्याहून वाईट म्हणजे किरणांचे पट्टे दिसावेत म्हणून पालापाचोळा पेटवून धूर करणे. फेब्रुवारीत रान वाळलेले असते, एक ठिणगी अख्खा उतार नेऊ शकते. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. शिवाय ही लबाडी फोटोतही कळते. ताज्या धुराचे कण अतिशय बारीक, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर तो निळसर दिसतो. धुक्याचे थेंब मोठे, ते पांढरे दिसते आणि दरीभर सारखे पसरते. झाडाच्या बुंध्यापाशी दाट आणि चार हातांवर विरळ झालेले निळसर 'धुके' परीक्षकांनी शंकेनेच पाहावे. मोडलेली फांदीही लपत नाही, ताज्या मोडीचे पांढरट टोक काळ्या रेघांच्या गर्दीत पहिल्यांदा डोळ्यात भरते.

तेव्हा दोन विनंत्या. स्पर्धेच्या नियमांत 'फांदी, झुडूप, नेचे किंवा शेवाळ तोडलेले अथवा धूर केलेला आढळल्यास प्रवेशिका बाद' अशी ओळ घालावी आणि निवडलेल्या छायाचित्रांची मूळ 'रॉ' फाइल मागवावी; मोबाइलवर काढलेल्या फोटोंसाठी कॅमेऱ्यातून आलेली, संपादन न केलेली फाइल चालावी. दुसरी विनंती छपाईची. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे मधल्या छटा पडद्यावर दिसतात त्याहून गडद उतरतात आणि सूर्यासमोरचे फोटो तर काळ्या चौकोनासारखे छापले जातात. अशा फोटोंच्या मधल्या छटा छपाईआधी थोड्या उजळाव्यात, आणि जागेअभावी आडवा फोटो एका स्तंभात उभा कापू नये. ज्या फटींसाठी फोटोकाराने तासभर पाय हलवलेले असतात, त्याच आधी कापल्या जातात.

कळावे,
आपले,
पुण्यातील काही वाचक