‘आई व बाळ सुखरूप’ लिहिणारीचं पत्र

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बाळंतपण आणि मानसिक आरोग्यावरचा तुमच्या पुरवणीतला पानभर लेख काल वाचला. दोनदा वाचला. दुसऱ्यांदा चष्मा पुसून, कारण आधी वाटलं की माझ्याच नजरेतून काही सुटलं. लेखात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, समुपदेशक आहेत, मोबाइलवरची ॲप आहेत, श्वासाचे व्यायामही आहेत. आणि बाळ पहिल्यांदा जिच्या हातात येतं, तिच्यासाठी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य: ‘सुईणींनीही मातांना धीर द्यावा.’

त्या ‘सुईणींनीही’मधल्या ‘ही’ने माझी रात्रीची झोप घालवली. बत्तीस वर्षं प्रसूतिकक्षात काढली आहेत मी. कोणी सुईण म्हटलं, कोणी दाई, कागदोपत्री परिचारिका-प्रसविका, आणि वॉर्डात नुसतं ‘सिस्टर’. नावाचं मला काही नाही. पण धीर द्यावा म्हणजे काय? इतकी वर्षं आम्ही धमक्या देत होतो की काय? (काही जणी देत होत्या, हेही सांगते. कळा देणाऱ्या बाईवर खेकसणाऱ्या सहकारी मी पाहिल्या आहेत, आणि एक-दोनदा मीही खेकसले आहे. त्या वेळी ऐकलेला अपमान बाई वर्षानुवर्षं विसरत नाही. लेखात त्याबद्दल चार ओळी असत्या, तर मान खाली घालून वाचल्या असत्या. त्या नव्हत्याच.)

आता लेखातल्या घोळाविषयी. तीन वेगवेगळ्या गोष्टी तुमच्या लेखकाने एकाच टोपलीत टाकल्या आहेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना डोळे भरून येतात, ते निम्म्याहून अधिक बायकांच्या वाट्याला येतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. तिथे खरोखरच धीर पुरतो, आणि झोप. नैराश्य वेगळं. ते ओसरत नाही, कधी गरोदरपणातच सुरू झालेलं असतं, कधी बाळंतपणानंतर काही महिन्यांनी डोकं वर काढतं, आणि पुष्कळदा ते रडतच नाही, नुसती काळजी करत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगभरात गरोदर बायकांपैकी सुमारे १० टक्के आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांपैकी सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, आणि तो मुख्यतः नैराश्याचा. तिसरा प्रकार म्हणजे बाळंतपणानंतर भान हरपवणारा मनोविकार (सायकोसिस), तो हजारात एखाद-दुसरीला होतो. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत एकाएकी उसळतो. झोप उडते, बोलणं भरकटतं, भलतेच भास होऊ लागतात. तिथे धीर देत बसायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. लेखात या तिघांना मिळून ‘बाळंतिणीचे मूड’ असं म्हटलं आहे. मूड!

सुइणीपुढे पोट झाकून उपयोग नाही म्हणतात. मन मात्र झाकता येतं, आणि कधीकधी सुईणच त्यावर पांघरूण घालते. हे मी दुसऱ्या कोणाचं सांगत नाही.

नोकरीचं सहावं किंवा सातवं वर्ष होतं. रात्रपाळी, पहिलटकरीण, तिसरा दिवस. टाके सुकत आले होते, दूध उतरलं होतं. बाळाला अंगावर लावायला मी मदत करत होते. बाळ नीट लागलं, लयीत चोखू लागलं, पुस्तकात चित्र असतं ना, अगदी तसं. आणि ती बाई मोकळ्या हाताने चादरीच्या काठाच्या निऱ्या घालत होती. बारीक, एकसारख्या. सात-आठ झाल्या की झटकून सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. बाळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी म्हटलं, ‘बघ, कसं टकामका बघतंय तुझ्याकडे.’ ती म्हणाली, ‘याचं पिऊन झालं की तुम्ही घेऊन जाता ना?’

‘दमलीस गं, झोप जरा,’ असं काहीतरी बोलून मी निघाले. दाराशी पोहोचते तोवर तिने हाक मारली, ‘सिस्टर.’ मी वळले. ‘काही नाही,’ ती म्हणाली.

पलीकडच्या खोलीत दोघी कळा देत होत्या. मी त्या ‘काही नाही’वर विश्वास ठेवला, कारण तो ठेवण्यात माझी सोय होती. सकाळी पाळी सोपवताना वरिष्ठांना निऱ्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तिसरा दिवस आहे, रडतात बायका.’ मी म्हटलं, ‘पण ती रडत नाहीये.’ ‘मग बरंच आहे की,’ असं म्हणून त्यांनी नोंदवही माझ्याकडे सरकवली. ताप नाही. रक्तस्राव बेताचा. गर्भाशय घट्ट. स्तनपान सुरू. शेरा: आई व बाळ सुखरूप. अक्षर माझं आहे.

सहा आठवड्यांनी ती बाळाला लस द्यायला घेऊन आली. वजन उत्तम, नखं कापलेली, कानामागेसुद्धा स्वच्छ. त्या बाळाच्या संगोपनात नाव ठेवायला जागा नव्हती. पण बाळ दिव्याकडे बघत होतं, माझ्या बिल्ल्याकडे बघत होतं, आईकडे बघत नव्हतं, आणि आईने त्याला तोंड बाहेरच्या बाजूला करून धरलं होतं, एखादं पार्सल धरावं तसं. त्या दिवशी सुदैवाने गर्दी कमी होती. मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, ‘तू कशी आहेस?’ ती बाळाचं दूध, झोप, शी सांगायला लागली. ‘बाळ नाही, तू.’

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘त्या रात्री मी हाक मारली होती तुम्हाला. तुम्ही वळलात, पण तुमचे पाय दाराबाहेरच होते.’

पुढे तिच्यावर उपचार झाले, काही महिने लागले, ती सावरली. पण ते पायांचं वाक्य मी निवृत्त होईपर्यंत पाळलं. बाळंतिणीशी बोलताना आधी बसायचं. उभ्याने विचारलेल्या ‘बरी आहेस ना?’ला ‘हो’ हेच उत्तर येतं, कारण त्या प्रश्नातच ‘हो म्हण आणि मला सोड’ असं असतं.

मानसिक आरोग्यातलं सुईणीचं काम म्हणून तुमच्या लेखकाला काय दिसलं मला ठाऊक नाही, मला दिसतं ते एवढंच: बसणं, बघणं, विचारणं, उत्तर येईस्तोवर न उठणं आणि गरज असेल तिथे पुढे नेऊन पोहोचवणं. ‘जमलं तर दाखवून घे’ अशी चिठ्ठी हातात देणं म्हणजे पोहोचवणं नव्हे. आणि शक्यतो बसणारी व्यक्ती तीच असावी. गरोदरपणात एक चेहरा, कळांच्या वेळी दुसरा, नंतर तिसरा. चौथ्या चेहऱ्यापाशी कोणती बाई मन उघडं करील? स्कॉटलंडमधल्या एडिनबर्ग परिसरात झालेला एक छोटा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. नैराश्य आलेल्या पन्नास बाळंतिणी होत्या. त्यांतल्या निम्म्याअधिक जणींकडे घरोघर जाणाऱ्या आरोग्य-परिचारिका, थोडंसं प्रशिक्षण घेऊन, आठ आठवडे दर आठवड्याला निदान अर्धा तास जाऊन बसल्या आणि ऐकत राहिल्या. त्या गटातल्या ६९ टक्के बायका बऱ्या झाल्या, बाकीच्यांतल्या ३८ टक्के. ऐकायला बसलेल्या त्या परिचारिका सुइणी नव्हत्या, हे कबूल. पण ॲपही नव्हत्या. पाळीच्या तक्त्यात तो अर्धा तास कुठे आहे, ते लेखकाने एकदा शोधून दाखवावं. मला बत्तीस वर्षांत सापडला नाही.

आता लेखासोबतची ती चौकट. ‘तुमचा स्कोअर तपासा!’ असं उद्गारचिन्हासकट. ही एडिनबर्गचीच प्रश्नावली, कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली. प्रश्न दहा, मागच्या सात दिवसांविषयी, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त ३०. हा नैराश्य चाळून काढण्याचा चाळणा आहे, निदान नव्हे. गुण जास्त आले म्हणजे कोणीतरी समोर बसून नीट बोलायची वेळ झाली, एवढाच अर्थ. तुमच्या चौकटीत प्रश्न किती? मी बोटाने मोजले. नऊ. दहावा, म्हणजे स्वतःला इजा करून घेण्याचे विचार येतात का, हा प्रश्नच गायब. जागेअभावी गेला की भीतीपोटी? बाकीच्या नऊंची बेरीज कितीही कमी असो, दहाव्याला शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं तर बाईला तसंच सोडायचं नसतं. तो विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारलं, म्हणून सुटकेचा श्वास सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आणि तो कागद घरच्या चार माणसांच्या देखत बाईच्या हातात द्यायचा नसतो. तसा दिला की सगळे शून्य येतात. सुखरूप!

बाळाविषयी लेखात आहे ते फक्त मथळ्यात: ‘उदास आई, बिघडलेलं बाळ’. हा मथळा कोणी दिला, त्याला मला भेटायचं आहे. आधीच ती बाई ‘मी वाईट आई आहे’ हे दिवसातून शंभर वेळा स्वतःला ऐकवत असते. त्यात तुम्ही तेच मोठ्या टायपात छापलं. निर्विकार चेहऱ्याचा तो प्रसिद्ध प्रयोग लेखात अर्धाच सांगितला आहे. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेल्या त्या प्रयोगात खेळता खेळता आई दोनेक मिनिटं चेहरा कोरा ठेवते. बाळ हसून बघतं, हातवारे करतं, मग रडवेलं होऊन मान फिरवतं. इथपर्यंत तुमच्या लेखकाने सांगितलं. पुढे आई पुन्हा बोलू लागते आणि दोघांचं हळूहळू जुळू लागतं, ते गाळलं. निरोगी आईचाही सूर बाळाशी सारखा जुळलेला नसतो. तुटतो, पुन्हा जुळतो, आणि त्या पुन्हा जुळण्यातच बाळ शिकतं. उदासीत ते जुळणं अडतं, ते सोडवायला कोणाचा तरी हात लागतो.

हा हात कसा लावायचा, ते सुईण पहिल्याच दिवसापासून दाखवू शकते. नवजात बाळाला वीतभर अंतरावरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो साधारण तिथलं. आईचा आवाज त्याला पोटातूनच ओळखीचा असतो. मी बाळाला आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवून म्हणायची, ‘आता तू बोल, मी गप्प बसते.’ आई काहीबाही पुटपुटायची आणि बाळ चोखणं थांबवायचं. ‘पाहिलंस? तुझंच ऐकतंय.’ कधी आई हसायची, कधी हमसून रडायची. कोरीच राहिली, तर मी स्टूल ओढायची. यात औषध नाही, यंत्र नाही. आणि बापालाही हे दाखवायचं असतं. तोही खचतो, पण त्याच्या नावाचा रकाना नोंदवहीत नसतोच.

मागच्या वर्षी मी रात्रपाळीविषयी पाठवलेलं पत्र तुम्ही कापून सहा ओळींचं केलं होतं. हे कापायचंच असेल तर आकडे कापा, निऱ्या राहू द्या.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका-प्रसविका

ता. क. : लेखाबरोबरच्या फोटोतल्या बाईने बाळाला दोन्ही हातांनी छातीपासून दूर उंच धरलं आहे, बाळाची मान मागे लोंबते आहे आणि बाई हसते आहे ती कॅमेऱ्याकडे बघून. मानेखाली हात हवा. पुढच्या वेळी फोटो छापण्याआधी मला फोन करा. नंबर आहे तुमच्याकडे, पत्र कापताना केला होतात.