प्रकल्प-अहवालांच्या नोंदींतील स्पेलिंग तपासणी : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रकल्प-अहवालांची नोंद ‘मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस’ या माहिती साठवण्याच्या संगणक-प्रणालीत होते. तिच्या फॉर्मसाठी आपण स्पेलिंग तपासणीचा कोड लिहून दिलात आणि शेजारी बसून त्याची ओळ न् ओळ समजावलीत, त्याबद्दल मनापासून आभार. असे फॉर्म वापरणाऱ्या इतर ग्रंथालयांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

‘इरिगेशन’मधला एक ‘आर’ गळाला, की तो अहवाल शोधात येत नाही. कपाटात असूनही विद्यार्थ्याच्या लेखी तो नसतोच. एफ-७ दाबून ॲक्सेसमध्येही तपासणी करता येते, पण मजकूर निवडलेला नसेल तर ती एकामागून एक नोंदी तपासत जाते आणि लेखकांच्या आडनावांपाशी अडत राहते. आपण ती शीर्षक आणि सारांश या दोनच चौकटींच्या ‘आफ्टर अपडेट’ला, म्हणजे चौकटीतला मजकूर बदलून झाल्यावर आपोआप चालणाऱ्या कोडला, जोडलीत. चौकट रिकामी असेल तर कोड तिथेच थांबतो. नसेल तर तिच्यावर फोकस (कर्सर) आणून, ‘सेलस्टार्ट’ (निवडीची सुरुवात) शून्यावर ठेवून, ‘सेललेंग्थ’ला (निवडीची लांबी) मजकुराची लांबी देऊन, म्हणजे त्या चौकटीतला सगळा मजकूर निवडून, मगच ‘रनकमांड’ या आज्ञेने तपासणी सुरू करतो. त्यामुळे अहवाल हातात असतानाच चूक समोर येते, आणि मला हेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण मूळ प्रत डोळ्यांपुढे असताना कोणते स्पेलिंग लेखकाचे आणि कोणते टंकलेखनाचे, हे ठरवायला क्षणही लागत नाही.

तपासणी संपल्याची सूचना दर वेळी येऊ नये म्हणून ‘सेटवॉर्निंग्ज’ (ॲक्सेसच्या सूचना व विचारणा चालू-बंद करणारी आज्ञा) बंद करावे लागते. मात्र कोड मध्येच अडखळला तर नोंद पुसतानाची विचारणाही बंदच राहील, हे ओळखून आपण त्रुटी आली तरी ते पुन्हा चालू होईल अशी वाट ठेवलीत. एरवी ही काळजी कोणाच्या नजरेसही पडली नसती.

मराठी शीर्षकांवर इंग्रजी शब्दकोश प्रत्येक शब्दाला अडू नये, यासाठी भाषेच्या रकान्याची अटही आपणच सुचवलीत. मजकूर बदलल्याशिवाय ‘आफ्टर अपडेट’ चालत नाही, म्हणून जुन्या नोंदींसाठी वेगळे बटण दिलेत. त्याच्या साहाय्याने स्थापत्य विभागाच्या नोंदी आम्ही तपासायला घेतल्या आहेत.

आपली नम्र,
ग्रंथपाल