गाडी आणि कॅरव्हॅनची जोडी जुळवून देणाऱ्या काकांचे आभार

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब कॅरव्हॅन (गाडीमागे ट्रेलरसारखे जोडून ओढायचे चाकांवरचे घर) घेऊन वेल्सच्या डोंगराळ भागात जाऊन सुखरूप परतलो, याचे श्रेय मी मनापासून आपल्याला देतो. आपले आभार घरी येऊन मानले असले तरी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण ब्रिटनमध्ये राहणारी आपली अनेक मराठी कुटुंबे आता जुनी कॅरव्हॅन विकत घेण्याचा विचार करतात आणि आपण मला जे शिकवले ते त्यांच्याही कामी यावे, अशी माझी इच्छा आहे.

कॅरव्हॅन ठरवण्यापूर्वी आपण मला गाडीचे दार उघडायला लावून आतल्या खांबावरची छोटी पाटी दाखवलीत. तिच्यावर चार आकडे होते. पहिला, २००० किलो, म्हणजे माणसे आणि सामान धरून गाडीचे जास्तीत जास्त वजन. दुसरा, ३५०० किलो, म्हणजे गाडी आणि मागचा ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादा. आणि उरलेले दोन पुढच्या व मागच्या अॅक्सलवरच्या भाराचे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की भरलेल्या गाडीने किती ओढावे ते कळते, आणि दुसरा आकडा पाटीवर नसेलच तर त्या गाडीला ट्रेलर जोडायचा विचारही करू नये, हे आपण तिथेच सांगितलेत.

त्यानंतर आपण जे समजावलेत ते मला सर्वांत मोलाचे वाटते. उत्पादकाने दिलेली ओढण्याची मर्यादा ही गाडी १२ टक्के चढावर थांबल्यानंतर ट्रेलरसह पुन्हा हलू शकते की नाही, या कसोटीशी बांधलेली असते. मोटरवेवर शेजारून मोठा ट्रक गेला आणि वाऱ्याचा झोत बसला, तर गाडी मागच्या ओझ्याला काबूत ठेवील की ओझेच गाडीला हलवील, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी दोघांच्या वजनांचे प्रमाण पाहावे लागते. कॅरव्हॅनचे पूर्ण भरलेले वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावे, हा नवख्यांसाठीचा सल्ला कायद्यात नाही, तरीही आपण त्यावर ठाम राहिलात. आमच्या गाडीचे रिकामे वजन १५०० किलो, म्हणजे मर्यादा १२७५ किलो. आम्हाला आवडलेली १४५० किलोची कॅरव्हॅन पाटीच्या हिशेबात बसत होती, पण प्रमाण जवळपास ९७ टक्के होत होते. आपल्या सांगण्यावरून आम्ही १२५० किलोची घेतली. आतली जागा थोडी कमी आहे, पण सौदा योग्य झाला, असे मी आजही खात्रीने म्हणतो.

सामान भरण्याच्या दिवशी आपण स्वतः आलात. जड वस्तू चाकांच्या वर आणि खाली जमिनीलगत ठेवायच्या, मागच्या टोकाला काही जड नको, हे सांगताना आपण गावाकडच्या बैलगाडीची आठवण काढलीत: मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. टो-बॉलवरचा, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर कॅरव्हॅन अडकवतात त्यावरचा, भार मोजण्यासाठी आपण न्हाणीघरातला वजनकाटा आणला, कॅरव्हॅन सपाट जमिनीवर उभी केलीत आणि जोडल्यावर कपलिंग (कॅरव्हॅनचे त्या गोळ्यावर बसणारे तोंड) जितके उंच राहते तितक्याच उंचीला ते टेकेल, असा लाकडाचा तुकडा कापून काट्यावर उभा ठेवलात. भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार तिथे यावा, म्हणजे आमच्यासाठी साधारण ६३ ते ८७ किलो. परंतु आमच्या टो-बारची (तो गोळा ज्यावर बसवलेला असतो त्या दांड्याची) मर्यादा ७५ किलोच असल्यामुळे वरचा आकडा तोच धरायचा. काटा ८० दाखवत होता. पुढच्या पेटीतले तंबूचे खांब आपण उचलून चाकांवर आणून ठेवलेत आणि काटा ७० वर आला, तेव्हा कुठे आपण समाधानाने मान हलवलीत.

ब्रेकची तार नुसती बॉलभोवती न गुंडाळता तिच्यासाठी असलेल्या कडीतच अडकवायची, कारण कपलिंग निसटले तर कॅरव्हॅनचा ब्रेक तीच ओढते, हेही आपण माझ्याकडून करवून घेतलेत. कॅरव्हॅन डुलू लागली तर घाबरून जोरात ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंगशी झुंजायचे नाही. चाक सरळ धरून हळूहळू अॅक्सिलरेटर सोडायचा. परतीच्या वाटेवर एका उतारावर वारा सुटला तेव्हा मी नेमके तेवढेच केले आणि मागची हालचाल काही क्षणांत थांबली.

१६ डिसेंबर २०२१ पासून इथे साध्या कार परवान्यावरही ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळी परीक्षा न देता ओढता येतो. ज्या गोष्टी पूर्वी परीक्षेच्या निमित्ताने शिकाव्या लागत, त्या आता शेजारीपाजारी कोणी जाणकार असेल तरच कळतात. आम्हाला आपण भेटलात, हे आमचे भाग्य. पुढच्या महिन्यात मंडळातले एक कुटुंब कॅरव्हॅन पाहायला जाणार आहे. आपली परवानगी असेल तर त्यांना मी आपल्याकडे घेऊन येईन. त्यांच्या गाडीच्या पाटीवरचे आकडे मी आधीच लिहून घेतले आहेत.

काकूंना नमस्कार.

आपला कृतज्ञ,
एक शेजारी