घर आमचे, जमीन दुसऱ्याची

भाडेपट्ट्याची जमीन सरकारने संपादित करून तिच्यावरील घरमालकांना देणे म्हणजे ‘एकाचे काढून दुसऱ्याला देणे’, हे रविवारच्या लेखातील मत पटले नाही. अमेरिकेतील हवाई राज्यात ७२ खासगी मालकांकडे ४७ टक्के जमीन होती. १९६७च्या कायद्याने मूळ मालकांना मोबदला देऊन ती घरमालकांना विकण्याची सोय झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो कायदा एकमताने वैध ठरवला. मोबदल्याचा हा मुद्दा लेखातून निसटला.

आमचे धुळ्यातील घर आजोबांनी बांधलेले. पट्ट्याची मुदत संपत आली म्हणून बँकेने गच्चीवरच्या खोलीला कर्ज नाकारले. उताऱ्यावर मालक दुसराच. घरपट्टी मात्र दरसाल न चुकता आमच्या नावाने येते!

– एक वाचक, धुळे