बाटली की माती? काका, तुमचे मनापासून आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. इकडे ओंटारिओत घरी गांजाची झाडं लावणारी आपली बरीच मंडळी एकाच प्रश्नापाशी अडतात: बाटलीतली खतं आणायची, की सेंद्रिय माती तयार करायची? तुम्ही मला त्यातून ज्या तऱ्हेनं बाहेर काढलंत, ते त्यांच्यापर्यंतही पोहोचायला हवं.

तुमच्याच आग्रहावरून कायद्याचं आधी लिहिते. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे. ओंटारिओत 19 वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतःपुरती लागवड करता येते, पण एका घरात जास्तीत जास्त चार झाडं, मग घरात माणसं कितीही असोत. भारतात 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली विनापरवाना लागवड हा गंभीर गुन्हा आहे. तिकडच्या वाचकांनी यातलं खतांचं तेवढं घ्यावं आणि टोमॅटो-मिरचीला वापरावं.

ह्यांच्या पायातल्या नसांच्या दुखण्यासाठी, डॉक्टरांना सांगून, आम्ही झाडं लावायची ठरवली. दुकानात वाढीची बाटली, फुलोऱ्याची बाटली, मुळांची, कॅल्शियमची अशी रांगच पुढे आली. ओळखीतले काही जण म्हणाले, रसायनं म्हणजे विष, हातही लावू नका. तुमचं आयुष्य इथल्याच लेमिंग्टन गावच्या टोमॅटोच्या ग्रीनहाऊसमध्ये गेलं, सगळा कारभार पाण्यात विरघळणाऱ्या खतांवर. त्यामुळे तुम्ही बाटल्यांचीच बाजू घ्याल असं मला वाटलं होतं. तुम्ही कुठलीच बाजू घेतली नाहीत. उलट मलाच विचारलंत, "दिवसातून किती वेळा झाडापाशी जाशील? आणि पाणी कुठलं घालणार?"

नायट्रोजन बाटलीतला असो की शेणातला, झाडाचं मूळ तो बहुतेक नायट्रेट नाहीतर अमोनियम म्हणूनच उचलतं, हे तुम्ही किती शांतपणे समजावलंत! फरक आहे तो वेळ कोण सांभाळणार याचा. बाटलीत अन्न तयार असतं, पान पिवळं पडलं तर थोड्याच दिवसांत सुधारता येतं. पण मग सामू (पीएच, म्हणजे आंबटपणा) आणि ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजणं, क्षार साठले की कुंडी धुऊन काढणं, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) लहान कुंड्यांना रोज पाणी, हे सगळं आपल्या अंगावर. मातीत आपण जिवाणूंना खाऊ घालतो आणि ते झाडाला देतात. काम सावकाश चालतं, पण दोन दिवस आपण घरी नसलो तरी बिघडत नाही. ह्यांच्या तपासण्यांसाठी आम्हाला वरचेवर हॅमिल्टनला जावं लागतं. माझं उत्तर तिथेच ठरलं.

पाण्याचं तर माझ्या ध्यानातही आलं नसतं. आमचं किचनर ज्या वॉटर्लू भागात येतं, तिथलं नळाचं पाणी मुख्यतः भूजलाचं, चांगलंच जड. त्यात कॅल्शियम आधीच भरपूर, म्हणून ती वेगळी बाटली नकोच, आणि हेच पाणी सामू सतत वर ढकलत राहणार. एकाच खताच्या अ आणि ब अशा दोन बाटल्या वेगळ्या का असतात, तेही तुम्ही करून दाखवलंत. दोन्हीतलं घट्ट द्रावण एका भांड्यात ओतल्याबरोबर दूध फाटल्यासारखं झालं: एकातलं कॅल्शियम दुसऱ्यातल्या फॉस्फेट आणि सल्फेटला धरून खाली बसलं. ते झाडाच्या उपयोगाचं उरत नाही.

पोटॅशियमची भर घातलेल्या फुलोऱ्याच्या महागड्या बाटल्यांबद्दल तुम्ही इथल्या ग्वेल्फ विद्यापीठाचा 2021 चा अभ्यास पुढे ठेवलात. पाण्यात मुळं सोडून वाढवलेल्या झाडांना फुलोऱ्यात पोटॅशियम लिटरला 60 मिलिग्रॅमपासून 340 पर्यंत देऊन पाहिलं, उत्पन्नात फरक पडला नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरसचा मात्र पडला. "बाटली वापरणाऱ्यानंही एवढी पोटॅशियमची भर कशासाठी विकत घ्यायची?" हा तुमचा सवाल मला फार पटला.

मग मातीचा बेत. पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) साधारण सारख्या भागांत, पीटचा आंबटपणा मोडायला थोडा चुना, वर निंबोळी पेंड, समुद्री शेवाळाची पूड आणि बेसाल्टची (काळ्या दगडाची) भुकटी. सगळं कालवून, ओलवून काही आठवडे मुरवत ठेवलं. कापडी कुंड्या मोठ्या घेतल्या, वर पेंढ्याचं आच्छादन. घराच्या भिंतीलगतची माती घेऊ दिली नाहीत, त्याबद्दल विशेष आभार. जुन्या घरांच्या रंगात शिसं असे आणि हे झाड जमिनीतले जड धातू चांगलेच ओढून घेतं. आजारी माणसासाठी पीक घेताना ही गोष्ट पहिली सांगायला हवी, आणि दुकानात ती कोणीच सांगितली नव्हती.

कंपोस्टचे थर लावताना तुम्ही सहज म्हणालात, "ही तर तुमच्या इंदूरची पद्धत." मी इंदूरच्या मराठी घरात वाढले, पण अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शास्त्रज्ञांनी तिथल्या कृषिसंस्थेत काम करून 1931 साली ही पद्धत जगापुढे मांडली, हे मला लेमिंग्टनच्या निवृत्त माणसाकडून कळावं! काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख, ठरावीक दिवसांनी पलटी आणि साधारण तीन महिन्यांत खत. त्या दिवशी मला माझ्या गावाचा फार अभिमान वाटला, आणि तो तुमच्यामुळे वाटला.

तुम्ही "घाई करू नकोस, वाफसा बघ" म्हणत राहिलात, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली का ते बघ. बोटानं माती चाचपून पाणी द्यायचं की नाही हे ठरवायला ह्यांनाही तुम्हीच शिकवलंत. दुखण्यामुळे खुर्चीला खिळलेला हा माणूस आता सकाळी आपणहून अंगणात जातो. यासाठी आभार कसे मानायचे, मला खरंच सुचत नाही.

तीच माती पुढच्या वर्षी पुन्हा वापरायची आहे. कंपोस्टच्या मातीत फॉस्फरस साठत जातो, म्हणून आधी तपासून घे, असं तुम्ही म्हणाला होतात. नमुना प्रयोगशाळेत दिला आहे. अहवाल हाती आला की घेऊन येते. त्यात फॉस्फरस जास्त निघाला तर वसंतात कंपोस्ट घालायचं की नुसत्या पेंडीवर भागवायचं, ते तुम्हीच सांगा.

तुमची,
किचनरची शेजारीण